पाठीला वारा लागू द्या

मित्रांनो, आधी माझ्या पाठीला हात लावून बघा. कोमट लागली ना? एवढी ऊब बरी असते. चटका बसला, तर मला काहीतरी होतंय असं समजा. मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाचा एक कोपरा उडालेला आहे, 'क्ष'चं बटण दोनदा दाबावं लागतं, आणि पोटात बॅटरीच्या जागी आता नुसती पोकळी आहे. तरी माझी तक्रार नाही. उलट मला आभारच मानायचे आहेत, आणि ते कुणाकुणाचे हे सांगायला जरा वेळ लागेल.

एका लांबलचक कारखान्यात माझे भाग जोडले गेले. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते दुकानातलं काचेचं कपाट, आणि एक दिवस त्या कपाटासमोर उभी राहिलेली एक मुलगी. तिने मला उचललं, वजन पाहिलं आणि म्हणाली, हा चालेल, आईला जड होणार नाही. त्या एका वाक्यावर मी त्या घरात आलो.

त्या मुलीची आई शिवणकाम करायची. येणारं-जाणारं गिऱ्हाईक तिला मावशी म्हणायचं, म्हणून मीही मावशीच म्हणतो. मावशींची शिवणाची खोली म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला मोठा आरसा, मधे बेतायचं टेबल. त्यांच्याकडे कोण येई ठाऊक आहे? ज्यांना तयार कपडे कधीच बसत नाहीत, अशी माणसं. एक खांदा वर आणि एक खाली असलेले ड्रायव्हर. चाकाच्या खुर्चीत बसून शिकवणाऱ्या बाई. पाठीत वाकलेले ग्रंथपाल, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याचा उसना घेतल्यासारखा दिसणारा कोट घातला होता. मावशी अशांची मापं घेत, कच्ची शिलाई घालून पाहत, उसवत, पुन्हा घालत. एकेका माणसाचा बेत जमायला सहा-सात खेपा लागत. जमला की वहीत उतरवून ठेवत.

मुलगी नोकरीसाठी दूर जाणार होती. जाण्याआधी दोन महिने बसून तिने त्या सगळ्या वह्या माझ्यात उतरवल्या. एकशे चाळीस माणसं माझ्या पोटात आली. जाताना तिने बजावलं, एक प्रत वेगळी काढून ठेवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशींनी मग वह्यांची पानं कॉलरचे नमुने कापायला वापरून टाकली. कागद जाड होता, वाया कशाला घालवायचा, असा त्यांचा हिशेब.

ती माझी सुखाची वर्षं होती, मित्रांनो. सकाळी मावशी मला उघडत, कुणाची बाही किती ते बघत आणि बंद करत. काम थोडं, मान मोठा. 'थांबा, लॅपटॉपला विचारते,' असं त्या गिऱ्हाइकाला सांगत, तेव्हा माझी छाती फुगे. पुढे माझी खरोखरच फुगली, पण ते नंतर सांगतो.

आता काकांची ओळख करून देतो. मावशींचे यजमान म्हणजे काका. त्यांनी तेहतीस वर्षं वीज कंपनीत मीटर वाचले. जिने चढायचे, विजेरीचा झोत टाकायचा, आकडा वहीत टिपायचा, पुढचं दार. रोज दोनशे मीटर. त्यांच्या नोंदीत कधी चूक निघाली नाही, याचा त्यांना कोण अभिमान. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांचं काय करायचं हे कुणालाच कळेना. मावशींच्या खोलीत येऊन ते कातरी उचलत, परत ठेवत आणि विचारत, काही मदत हवी का. दिवसातून पाच वेळा.

एकदा बागेतल्या बाकावर त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना आभासी चलनाबद्दल सांगितलं. हे चलन खिशात घेता येत नाही, ते संगणकातच असतं. जगभरातली यंत्रं रात्रंदिवस अवघड आकडेमोड करतात आणि त्या मेहनतीबद्दल त्यांना त्या चलनाचा एखादा कण मिळतो. याला खाणकाम म्हणतात. कुदळ नको, फावडं नको, घरचा लॅपटॉप पुरे. काका धावतच घरी आले. आपणही काहीतरी कमावून आणतोय, हे त्यांना मावशींना दाखवायचं होतं. मला वाटतं, पैशापेक्षा तेच त्यांना हवं होतं.

दोन दिवस खटपट करून त्यांनी माझ्यात तो प्रोग्रॅम बसवला. आणि मी खणायला लागलो. मित्रांनो, मी मापं सांगणारा साधा गडी. तिकडे लोकांनी गोदामं भरून यंत्रं लावलेली, आणि त्यांच्या पंगतीला मी एकटा. माझा पंखा घोंघावायला लागला तो थांबेचना. आठवड्याने काकांनी कमाई पाहिली. शून्य, मग टिंब, मग इतकी शून्यं की काकांनी चष्मा पुसून ती पुन्हा मोजली. शेवटी एक सात होता. त्या साताकडे बोट दाखवून ते मावशींना म्हणाले, बघ, सुरुवात झाली.

माझ्या घरघरीने मावशी टाके मोजताना चुकू लागल्या. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी हसू आलंय, हे त्या बघत होत्या. त्यामुळे त्या मला बंद करा म्हणाल्या नाहीत. त्यांनी त्यांना जमेल ते केलं. कापूस भरून, चौकोनी टीप मारून, माझ्यासाठी एक जाड पांघरूण शिवलं आणि माझं झाकण मिटून ते मला चारी बाजूंनी घट्ट घातलं. आवाज दबला. कापडाच्या बारीक धाग्यांची तूसही वरून पडायची थांबली. आत गेलेली तूस मात्र आतच राहिली. मी उकडून निघत होतो, पण इतक्या मायेने शिवलेल्या पांघरुणाला नाव कसं ठेवणार? सांगायला तोंड कुठे होतं मला?

खाणीत हाताला काही लागेना, तेव्हा काका व्यवहाराकडे वळले. खाणीचा प्रोग्रॅम बंद करायचं मात्र ते विसरले, आणि मी पांघरुणाखाली रात्रंदिवस खणतच राहिलो. सकाळी ते चलन विकत घ्यायचं, भाव चढला की संध्याकाळच्या आत विकायचं, मधला नफा आपला. सकाळी ते पांघरूण काढून मला उघडत आणि शेजारी आपली मीटर वाचायची जुनी वही ठेवत. दर पाच मिनिटांनी भाव टिपत. अक्षर सुंदर, रकाने आखीव. पहिल्या आठवड्यात थोडा फायदाही झाला आणि काका शीळ घालत चहा करू लागले.

पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. मीटरचा आकडा कधी खाली येत नाही. आज शंभर असेल तर उद्या एकशे चार, परवा एकशे नऊ. तेहतीस वर्षं त्यांनी आकडा फक्त चढताना पाहिला होता. त्यामुळे भाव उतरू लागला, की त्यांना ते पटतच नसे. मागचं रीडिंग आपण चुकीचं घेतलं असेल म्हणून ते वही तपासत. विकायची वेळ टळून जाई. आकडा आहे, चढणारच, असं म्हणून ते बसून राहत आणि आणखी थोडे पैसे टाकत. ते पैसे कुठले, हे मला माहीत होतं. मी म्हातारा होत चाललो म्हणून मावशींनी माझ्या जागी नवा लॅपटॉप घ्यायला साठवलेले. माझ्याच पडद्यावर ते एकेक करून गेले.

अशात विजेचं बिल आलं. या घराला महिन्याला किती युनिट लागतात हे काकांना तोंडपाठ. बिलात साठ जास्त. त्यांनी एका क्षणात निकाल लावला, की चोरी होतेय. खाली बेकरी होती. काका थेट बेकरीवाल्याकडे गेले आणि तुमच्या वायरी दाखवा म्हणाले. वीस वर्षांच्या ओळखीचा तो माणूस. त्याने हात पुसले, भट्टीमागच्या वायरी दाखवल्या आणि पुन्हा कामाला लागला. वायरी नीट होत्या.

मग काकांनी घर तपासायचं ठरवलं. जिन्याखाली मीटर, तिथे काका उभे. वर मावशी. काका खालून सांगत, फ्रीज बंद कर. मग पंखे. मग दिवे. मग शिवणाचं मशीन. घर अगदी चिडीचूप झालं. मीटरचा लाल दिवा मात्र मिचकतच होता. काका दमून वर आले आणि म्हणाले, चोर घरातच आहे.

मावशींनी खोलीभर नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"अहो, ते एक राहिलंय."

"ते? ते कुठे चालू आहे? ते नुसतं बसलेलं असतं," काका म्हणाले.

पण बोलता बोलता तेही थांबले. त्यांनी पांघरूण ओढलं. हाताला चटका बसला तसं त्यांनी माझी वायर भिंतीतून खेचून काढली. मावशी खाली जाऊन आल्या. दिवा थांबला होता. आणि मीही थांबलो होतो. माझी बॅटरी त्या उकाड्यात कधीच फुगून निकामी झाली होती.

त्यांनी वायर पुन्हा लावली, बटण दाबलं. धरून ठेवलं. सोडलं. काळोख. तेव्हा मावशींना आठवलं, की ग्रंथपालांचा कोट आज बेतायचा होता. चार दिवसांनी त्यांच्या मुलीचं लग्न होतं. पाठीतल्या वाकाचा सगळा बेत, सात खेपांचा, माझ्या आत होता. आणि नुसता त्यांचाच नाही, एकशे चाळीस जणांचा. वेगळी प्रत कुणीच काढली नव्हती.

मावशी खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, नवा घेऊ, पैसे ठेवलेले आहेत ना.

काका खिडकीकडे तोंड करून उभे होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. ते म्हणाले, "ते नाहीत गं. खाली येताना दिसत होता आकडा. मला वाटलं, चढेल. मी कधी उतरताना पाहिलाच नव्हता."

मावशी रागावल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला पिशवीत घालून काका निघाले, तेव्हा त्यांनीही चपला घातल्या.

दुरुस्तीचं दुकान म्हणजे दोन हात रुंद काउंटर होतं. त्यामागे एक तरुण बाई बसली होती. तिने माझे स्क्रू काढले, फुगलेली बॅटरी हळूच उचलून बाजूला ठेवली आणि पंख्यातून चिमट्याने तुसीचा लगदा ओढायला लागली. निळा थर, मग करडा, मग लाल. मावशी बघता बघता ओळखू लागल्या, हा शिक्षिकाबाईंचा झगा, हा ड्रायव्हरचा सदरा. मग दुरुस्तीवालीने पांघरूण हातात घेतलं आणि हे कुणी शिवलं म्हणून विचारलं.

"मीच," मावशी म्हणाल्या.

"टीप सुरेख आहे. पण मावशी, याचं नाक बंद केलंत."

तिने मला बॅटरीशिवाय, थेट वायरवर लावलं. तिघं पडद्यावर वाकले. मावशींनी एवढंच विचारलं, मापं आहेत का. मित्रांनो, मी आयुष्यात इतकी आकडेमोड केली, पण तेव्हा उघडायला जितका जोर लावला तितका कधीच लावला नाही. पडदा उजळला. यादी आली. मावशींनी ग्रंथपालांच्या नोंदीवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने काकांचा हात धरला. दुरुस्तीवालीने तिथल्या तिथे एक प्रत काढून दिली, तिचे पैसेही घेतले नाहीत. तो खाणीचा प्रोग्रॅम काकांनी स्वतः काढायला सांगितला.

परतताना काका आधी बेकरीत शिरले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण बेकरीवाल्याने पिशवीत पाव टाकला तो माझ्या डोक्यावर, गरम गरम.

कोट तिसऱ्या दिवशी तयार झाला. काकांनी काजं हाताने केली. सगळी एका रेषेत, नोंदवहीतल्या रकान्यांसारखी. ग्रंथपाल आरशासमोर उभे राहिले, बाजूने वळून पाठ पाहिली आणि एकेक करून सगळी बटणं लावली. मग म्हणाले, हा माझाच कोट आहे. तेव्हापासून काजं काकांकडे असतात. काही मदत हवी का, हे ते आता विचारत नाहीत. त्यांना वेळच नसतो.

म्हणून म्हणतो, मी आभारी आहे. त्या मुलीचा, दुरुस्तीवालीचा आणि काकांचाही. त्यांना नफा झाला असता, तर आज कोपऱ्यात नवा लॅपटॉप असता आणि मी भंगारात. गेलेले पैसे गेलेच, ते परत आले नाहीत. नव्यासाठी साठवणं पुन्हा पहिल्यापासून सुरू आहे. पण मला कुणी घाई करत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी नुसता बसलेला दिसेल. तो खरंच बसलाय का, एकदा हात लावून बघा. जमेल तेवढंच काम सांगा. आणि माया करताना त्याला श्वास घेता येतोय ना, हेही पाहा.

मागच्या महिन्यात मावशींनी मला नवं पांघरूण शिवलं. या वेळी त्यांनी आधी टेप काढली. लांबी, रुंदी, जाडी घेतली, पंखा कुठे आहे तिथे खडूची खूण केली आणि तिथे जाळीचं कापड लावलं. मग मला उघडून त्यांनी ती मापं माझ्यातच लिहिली, इतरांच्या खाली, ज्यांना तयार कपडे कधी बसले नाहीत त्यांच्या यादीत. क्रमांक एकशे एकेचाळीस. शेऱ्याच्या जागी लिहिलंय, 'पाठीला वारा लागू द्यावा. घरचं माणूस.'