साखळी ताणली की थांबायचं

त्र्याऐंशी साली मणी, घरचा दांडगा कुत्रा, मांजर बघून उधळला. त्याची साखळी धरलेल्या विशालाक्षीबाई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात त्या नवऱ्याला, तुळजाजींना, म्हणाल्या, "त्याला कुणाला देऊन टाकू नका. मी येईपर्यंत माझ्या चालीनं चालायला शिकवा."

गिंडीच्या कारखान्यात उभा जन्म काढलेले तुळजाजी हट्टाला पेटले. रोज सकाळी अण्णा नगरातल्या त्यांच्या गल्लीत ते मुंगीच्या पावलांनी निघायचे. साखळी ताणली की खांबासारखे उभे. सैल पडल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. लोक हसायचे. महिन्याभरात मणी शहाण्यासारखा त्यांच्या बाजूनं चालू लागला. ते ऐकून बाई खूश झाल्या. घरी मात्र त्या आल्याच नाहीत.

तेरावा झाल्यावर तुळजाजी मणीला घेऊन पहिल्यांदा बाहेर पडले. कोपऱ्यावरची फूलवाली कालच गावाहून परतली होती, तिला काही ठाऊक नव्हतं. तिनं सवयीनं हातभर मोगरा मोजला आणि बाईंसाठी पुढे केला. तुळजाजींनी मान खाली घातली, भराभर पाय उचलले.

साखळी ताणली. मणी जागच्या जागी उभा राहिला, शिकवल्याप्रमाणे, ती सैल व्हायची वाट बघत.