आधी कोणाची फाइल

बेबीनंदा जुन्या जालन्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. नवरा परतूरला नोकरीला होता, महिन्यातून दोनदा यायचा. घरी ती आणि सासरे पुंजाराम. पुंजाराम जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले आणि त्यांनी एक काम हाती घेतलं. भोकरदन तालुक्यात गावोगाव जायचं आणि आपल्या समाजातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं. छप्पन साली धम्म घेतल्यावर गावात काय झालं, कोणी काय सोडलं, सार्वजनिक विहिरीवर पहिल्यांदा कोण गेलं, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं. पुंजाराम टेपवर बोलणं घ्यायचे, बेबीनंदा ते ऐकून टाइप करायची, आणि तीच कॅसेट पुढच्या माणसाला वापरली जायची. चार वर्षांत चोवीस माणसं झाली होती, आणि त्यांचं बोलणं फक्त घरच्या कॉम्प्युटरमध्ये होतं. त्यातली चौदा आता हयात नव्हती. पुंजारामांची बायको साळूबाई त्या चौदांतलीच.

दोन हजार पाचच्या मार्चमध्ये घरचा कॉम्प्युटर बंद पडला. सात वर्षांचं जुनं मशीन, मेमरी चौसष्ट एमबी. चालू केलं की काळा पडदा यायचा आणि आतून खट्, खट् असा आवाज यायचा. दुरुस्तीवाला येऊन गेला. फॉरमॅट मारून बघतो म्हणाला. त्यानं सगळं पुसलं जाईल म्हणून बेबीनंदानं त्याला हात लावू दिला नाही. जाताना तो एवढंच म्हणाला की हार्ड डिस्क संपत आलीय, आता फार तर एकदा फिरेल, काय घ्यायचं ते त्या एका वेळेत घ्या.

तिच्याकडे एक सीडी होती, एका मासिकाबरोबर आलेली. त्यात लिनक्स होतं, विंडोजच्या जागी चालणारी पन्नास एमबीची छोटी सिस्टिम. ते सीडीवरूनच चालायचं, हार्ड डिस्कची त्याला गरज नव्हती, आणि असल्या जुन्या मशीनवरही चालायचं. क्लासमध्ये तिनं ते दोनदा चालवून पाहिलं होतं. त्यातून डिस्क नुसती वाचता आली तर फाइली फ्लॉपीवर काढता येणार होत्या.

शुक्रवारी तिनं सुट्टी टाकली. त्या आठवड्यात भारनियमन बाराला सुरू व्हायचं आणि लाइट संध्याकाळी सहाला यायची. यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली. तिनं साडेनऊला मशीन चालू केलं. आधी ते सीडीवरून उठेचना, मग उठलं तर पडदा नुसता लुकलुकत राहिला. प्रत्येक खटपटीत डिस्क आत खटखटत होती. शेवटी पडद्यावर छोटीशी चौकट आणि चार चित्रं दिसली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

तिनं डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली. चोवीस फाइली, एक ते चोवीस नंबरच्या, जागेवर होत्या. पहिली फ्लॉपीवर घेऊन उघडली आणि पुंजाराम खुर्चीवरून उठून जवळ आले. पडद्यावर मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, सगळा काला.

"गेलं का हे?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं की गेलेलं नाही, या सिस्टिममध्ये आपला फॉन्ट नाही म्हणून असं दिसतंय, फॉन्ट घातला की बराबर दिसेल. पुंजाराम त्या काल्याकडे बघत राहिले. त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पहिल्या फाइलीलाच चार मिनिटं लागली होती. डिस्क एक तुकडा वाचायची, अडायची, खटखटायची, मग पुढचा वाचायची. नुसती कॉपी करून भागत नव्हतं, दर फाइलीनंतर ती फ्लॉपीवर पक्की उतरवायची आज्ञा द्यावी लागत होती, नाहीतर लाइट गेली की सगळं मेमरीतच जिरणार. बेबीनंदानं घड्याळ पाहिलं.

"मामा, सगळ्या न्हाई निघायच्या," ती म्हणाली. "आधी कोणाची काढू?"

पुंजारामांनी डायरी उघडली.

"जिते हायेत त्यांच्याकडं परत जाता येईल. त्यांची राहू दे. गेलेल्यांत ज्यांची लेकरंबाळं हायेत, ती थोडंफार सांगतील. ज्यांच्या मागं कोणी न्हाई, ती पहिले काढ."

अशी सहा माणसं होती. पुंजाराम नंबर सांगू लागले. पहिले रखमाजी, सात नंबर. मग बारा. मग तीन. एकेक निघाली की ते डायरीत खूण करायचे. साळूबाईचा नंबर नऊ होता आणि तो त्यांनी घेतला नाही. तिच्यामागं नवरा होता, मुलगा होता.

सहातली तिसरी फाइल उतरली तेव्हा अकरा वीस झाले होते. पुंजाराम म्हणाले, अठरा. बेबीनंदानं नऊ टाइप केलं.

आपण का केलं हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. सासूचं बोलणं टाइप करताना ती दोन दिवस रडली होती, एवढं खरं. एक फाइल, चार मिनिटं, त्यानं काय बिघडणार, असं तिला वाटलं.

नऊ नंबर अडकली. खट्, खट्, मग शांत, मग परत खट्. पडद्यावर काहीच हलेना. मध्येच थांबवावी तर सगळंच लटकेल अशी भीती. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"कोणाची अडकली?" पुंजारामांनी विचारलं.

"अठरा," ती म्हणाली.

चौदा मिनिटांनी नऊ नंबर निघाली. मग तिनं अठरा काढली, मग एकवीस. राहिली पाच नंबर, केदारखेड्याच्या केशरबाईची. ती अर्धी आली असेल तेव्हा पंखा मंदावला, पडदा मिटला आणि डिस्क घरघरत थांबली. बाराला दहा कमी होते. त्या दिवशी लाइट लवकर गेली होती.

संध्याकाळी लाइट आल्यावर तिनं मशीन परत चालू केलं. डिस्क फिरलीच नाही.

पुंजाराम म्हणाले की सहातली पाच माणसं तरी निघाली, तू होतीस म्हणून. ते ऐकून तिला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. त्यांनी डायरी मिटली.

"साळू जन्मात कोणाच्या पुढं घुसली न्हाई," ते म्हणाले. "तिला तू केशरबाईच्या पुढं घातलीस."

त्यानंतर चार दिवस ते तिच्याशी जेवणापुरतं बोलले. बेबीनंदानं क्लासमधून एक जुनी पण चांगली डिस्क आणली आणि तेच छोटं लिनक्स या वेळी मशीनवर कायमचं बसवायला घेतलं. एका ठिकाणी त्यानं विचारलं की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढं जायचं का. डिस्क कोरी होती, तरी तिनं तीनदा वाचलं आणि मग होकार दिला. वीस मिनिटांत मशीन स्वतःच्या डिस्कवरून उठलं, पूर्वीपेक्षा जल्दी. तिनं क्लासमधून आणलेला फॉन्ट त्यात घातला आणि सात नंबर उघडली. रखमाजींचं नाव, गाव, पहिलं वाक्य, सगळं स्वच्छ मराठीत.

तिनं हाक मारली. पुंजाराम आले, उभ्यानं पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढून पुसला. साळूबाईची फाइल उघडू का, असं तिनं विचारलं. ते नको म्हणाले. केशरबाईच्या नावानं एक नवीन कोरी फाइल कर, म्हणाले.

आठवेल तेवढं ते सांगू लागले. पण ते मास्तर माणूस, खात्री नसलेलं एक वाक्यही घालू देईनात. तासाभरानं सहा ओळी झाल्या. केशरबाई, केदारखेडा, नवरा लवकर वारला, मूल नाही. सत्तावन साली सार्वजनिक विहिरीवर पहिली बादली तिनं सोडली.

रविवारी दोघं एसटीनं केदारखेड्याला गेले. केशरबाईच्या घराला कुलूप होतं. शेजारी दुर्गाबाई नावाची म्हातारी शेंगा फोडत बसली होती. पुंजारामांनी टेप समोर ठेवला आणि केशरबाई आठवते का, असं विचारलं.

"न आठवायला काय झालं?" दुर्गाबाई म्हणाली. "पहिल्या दिशी तिच्या हातातून दोरच सुटला. बादली गेली आत. सारं गाव बघून राह्यलं व्हतं. ती काई बोलली न्हाई. घरी आली, माझी बादली मागून नेली, अन् परत गेली."

बेबीनंदानं सासऱ्यांकडं पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"हे तिनं मला सांगितलं न्हाई," पुंजाराम म्हणाले.

"कशाला सांगंल? पर बादली माझी व्हती. मला ठाव हाय."

दुर्गाबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. पुंजारामांनी डायरीचं नवीन पान काढलं आणि वर पंचवीस नंबर घातला.

"मंग तुमच्यापासूनच सुरू करू," ते म्हणाले. "तुमचं माहेर कोणतं?"