बिनटाक्याचं दुखणं

केडगावच्या कुशाबाईचे डोळे पिवळे झाले आणि केंदूरहून तिची थोरली बहीण साखरबाई आली, ती अधिकारानेच आली. नऊ वर्षांमागे तिच्याही पित्तनळीत खडा अडकला होता. पुण्यात पोट फाडून तो काढला होता. नंतर कितीतरी दिवस पोटातून बाहेर काढलेली रबरी नळी आणि तिच्या टोकाची पित्ताची पिशवी हातात धरून ती वॉर्डात हिंडत होती. बरगडीखाली वीतभर व्रण होता. भावकीत कुणाचंही पोट दुखलं, की आधी साखरबाईला विचारायचे.

कुशाबाईचा मुलगा रविराज दोघींना घेऊन पुण्याच्या डॉक्टरांकडे गेला.

"तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेतो," डॉक्टर म्हणाले. "तिथं पित्तनळीचं तोंड जरा कापून मोठं करतो आणि खडा आतड्यात ओढून घेतो. पोटाला चिरा नाही."

"खडा मोठा असंल तर?" साखरबाईने विचारलं.

"तर एका खेपेत निघणार नाही. कधी रक्त जातं, स्वादुपिंडाला सूज येते. नाहीच जमलं तर ऑपरेशन."

"मंग पयलंच ऑपरेशन का न्हाई करीत?"

डॉक्टरांनी कुशाबाईकडे पाहिलं. कुशाबाई बहिणीकडे वळली.

"आक्का, तुझ्याजवळ मी ऱ्हायले हुते. खोकला आला की तू पोटाशी उशी आवळून धरायचीस. मला दुर्बीणच घालू द्या."

पहिल्या खेपेला खडा निघाला नाही. डॉक्टरांनी पित्त वाहतं राहावं म्हणून आत प्लॅस्टिकची बारीक नळी ठेवली आणि महिन्याने परत बोलावलं. साखरबाई "हं" म्हणाली. परतीच्या वाटेवर ती दुसरं काहीच बोलली नाही. रविराजला ते जास्त जड गेलं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी ती नळी काढली, खडा आतच फोडला आणि तुकडे आतड्यात ओढून घेतले. तिसऱ्या दिवशी कुशाबाई घरी आली आणि चौथ्या दिवशी चुलीपुढे बसली. तिथेच चुकलं. सोयरे पोपटराव केळी घेऊन भेटायला आले, तर पेशंट भाकरी थापत होता.

"टाकं कुठंशी हायेत?" त्यांनी विचारलं.

"न्हाईत. डॉक्टर तोंडातून गेले."

पोपटरावांनी जरा विचार केला. "आन् खडा?"

"तो खालनं गेला."

पोपटराव चहा प्यायले आणि केळी ठेवून निघाले. पण आजारी माणसाला भेटल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर नव्हतं. जाताना दारात त्यांनी साखरबाईच्या तब्येतीची चौकशी केली.

ते गेल्यावर साखरबाई परातीजवळ येऊन बसली.

"माझ्या टायमाला ही दुर्बीण हुती का गं?"

"असंल पुण्यात. आपल्याला कुणी सांगितलं न्हाई."

"मी चार महिने अंथरुणाला हुते. मेंढरांमागं जायाला माणूस न्हाई म्हणून ह्यांनी सगळा कळप इकला," साखरबाई म्हणाली. "दुखलं त्याचं काय न्हाई. पण मी घरी आले तर वाडग्यात एक कोकरू न्हाई."

कुशाबाईने तवा उतरवला. तिने गरम भाकरी बहिणीपुढे ठेवली, वर लसणाची चटणी वाढली आणि शेजारी बसून राहिली. साखरबाईने भाकरी खाल्ली, आणखी अर्धी मागून घेतली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी सांगितलं, की खडे पित्ताशयात तयार होतात, ते ठेवलं तर परत तेच. पोटाला चार छोटी भोकं पाडून ते काढून टाकावं लागेल.

"म्हंजी टाकं पडणार," साखरबाई म्हणाली.

"एकेका भोकाला एक-दोन," डॉक्टर म्हणाले.

"मी येते संगं." तिचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "किती दिवस ठेवून घेणार?"

"दोन दिवस."

साखरबाईने मान डोलावली आणि निघायच्या दिवशी चार लुगडी पिशवीत भरली.