आईच्या प्रकृतीसाठी

मी मुलींच्या संघाची पहिली वही बोलतेय.

चर्चच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी बारा ते अठरा वर्षांच्या मुली जमायच्या. संघ सुरू केला तो पाळकांच्या बायकोने. सगळ्या तिला पाळकीणबाई म्हणत. तिने मला खाकी कव्हर घातलं आणि पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या हाती दिलं. "आजपासून तू चिटणीस. इथे जे होईल ते यात उतरव."

केवढी फुशारले होते मी! कोणतं गाणं बसवलं, कोणी कोणता उतारा पाठ केला, दवाखान्यात फुलं घेऊन कोण गेलं, सगळं माझ्या पोटात. शेवटी प्रार्थनेचे विषय. परीक्षा, दादाची नोकरी, आजीचे गुडघे. एकीचं हरवलेलं मांजरसुद्धा आहे माझ्यात.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी चिटणीस मुलीची मैत्रीण उभी राहिली. तेरा वर्षांची, अबोल. नेहमी तिच्या शेजारी बसायची. तिचे वडील चर्चचे पंच. मंडळीत त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

"माझे वडील आईला मारतात," ती म्हणाली. "ते थांबावं म्हणून प्रार्थना करा."

चिटणीस मुलीने 'माझे व' एवढं लिहिलं होतं. पाळकीणबाईने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"घरातलं असं चारचौघांत काढू नये, बाळ. तू लिही गं, आईच्या प्रकृतीसाठी."

तिने खोडलं आणि लिहिलं. मी पडले कागद, नको म्हणणार तरी कशी? पण अंगावरच्या शाईची मला पहिल्यांदा लाज वाटली. मुलींनी डोळे मिटून, अगदी मनापासून, एका धडधाकट बाईच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली.

ती मुलगी पुन्हा आली नाही. दोन आठवड्यांनी तिची आई हात गळ्यात बांधून उपासनेला आली. "पडले," म्हणाली. सगळ्यांनी "काळजी घ्या हं" म्हटलं.

मी भरले आणि कपाटात गेले. यंदा संघाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा इतिहास लिहायला हल्लीच्या चिटणीस मुलीने मला बाहेर काढलं. त्या पानावर ती अडखळली आणि माझ्या पहिल्या चिटणिसाकडे गेली. ती आता निवृत्त नर्स, डोकं पांढरं झालेलं.

"आजी, ही मुलगी पुढे कुठेच दिसत नाही. आई वारली का हिची?"

आजीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून ती दोन गल्ल्या ओलांडून मैत्रिणीच्या शिवणाच्या दुकानात गेली. इतकी वर्षं दोघी रस्त्यात भेटल्या की फक्त हवापाण्याचं बोलत.

"मी तेव्हा खोटं लिहिलं गं."

"ठाऊक आहे. शेजारीच बसले होते की." मशीन चालूच होतं.

"हे पान फाडून टाकते."

मशीन थांबलं. "फाडू नकोस. फाडलंस की तुम्ही सगळ्या सुटाल. मी काय म्हणाले होते, आठवतंय?"

आजीने शब्दन् शब्द सांगितला.

"म्हणजे विसरली नव्हतीस," मैत्रीण म्हणाली.

आजीला तोंड वर करवेना. मला तर मिटून घ्यावंसं वाटत होतं.

"मग लिही खाली. तारीख मात्र आजची घाल."

आजीने लिहिलं. मैत्रिणीने चष्मा चढवून वाचलं. "समारंभाला मी यायची नाही. पण वाचून दाखवा."

वाचलं. भरल्या सभागृहात, तरुण चिटणीस मुलीने, दोन्ही ओळी. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आपापल्या मांडीकडे बघत राहिल्या. एकीला "आम्हाला काय माहीत" म्हणायचं होतं, ते ओठांवरच राहिलं. त्या दुपारी ती तिथेच होती.

आता मला सभागृहात काचेच्या पेटीत ठेवलंय, पहिलं पान उघडं करून. येणारे जाणारे वाकून बघतात, वा वा करतात. माझा जीव गुदमरतो. बायांनो, एवढंच करा. मला उघडी ठेवायचीच असेल, तर त्या पानावर ठेवा.