सैल केलेल्या शिवणी

दोघी बहिणींचं शिवणाचं दुकान होतं. माप घेणं आणि कापणं थोरलीकडे, मशीन धाकटीकडे. धाकटीचा हात असा, की कोटाची बाही एका बैठकीत बसवायची आणि जिभेचा पट्टाही सोबत चालूच. "ताई, तुझी कात्री बघून गोगलगायसुद्धा जांभई देईल," म्हणायची. थोरली म्हणायची, "तू मशीन चालव, तोंड राहू दे." दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं.

मग धाकटीला सांधेवाताने गाठलं. बोटांचे सांधे लाल, टम्म सुजलेले. सकाळी तर मूठ उघडायची नाही. सुई राहू द्या, वेणी घालायला आणि घास भरवायलाही थोरली लागायची. ती भरवायची तेव्हा ही भिंतीकडे बघत बसायची. एवढी वटवट करणारी बाई, पण मशीनवर झाकण पडलं त्या दिवशी दिवसभर बोलली नाही. थोरलीच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, आणि चारआठ दिवसांत धाकटी मशीनवर परत! खोटं कशाला बोला, त्या गोळ्यांनी तिचे हात परत दिले. पण डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, "याने आग शमते, आजार मुळापासून जात नाही. त्यासाठी दुसरं औषध लावायचंय. तोवर ही गोळी मी हळूहळू कमी करीन. तुम्ही आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, जिवावर बेतेल. आणि आपल्या मनाने चालूही ठेवायची नाही, हाडं ठिसूळ होतील, साखर वाढेल. महिन्याने या. त्याआधी अंग फुगलं, कपडे घट्ट झाले, तर लगेच या."

बाहेर पडल्या पडल्या धाकटी म्हणाली, "मी फुगले ना ताई, तर गोळ्या गटारात फेकीन. आधीच कोण बघतं माझ्याकडे!"

ती हसत म्हणाली, पण थोरलीच्या मनाने ते धरलं. हिचा काही नेम नाही. गोळी एकदम सोडली तर? म्हणून पंधरा दिवसांनी धाकटीचा झगा काखेत ओढल्यासारखा दिसला, तेव्हा थोरलीने काय करावं? धाकटी दुपारी आडवी झाली तेव्हा तिने झगा घेतला, शिवण उसवली, आत माया, म्हणजे शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड, होती तेवढी सोडली आणि पुन्हा टाके घातले. मग दुसरा झगा. मग परकरांच्या कमरेच्या पट्ट्या. शिंप्याच्या घरात हे सोपं पडतं, तेच नडलं. दुसऱ्या कुठल्या घरात हे सुचलंच नसतं कुणाला!

महिना झाला. "कशाला जायचं?" धाकटी म्हणाली. "हात चालतायत, कपडे बसतायत. औषधवाला ओळखीचा आहे, तीच चिठ्ठी दाखवली की देतो." थोरलीच्या ओठांवर आलं होतं, की अगं, कपडे बसत नाहीत, मी बसवतेय. पण समोर ती बाही लावत होती आणि गुणगुणत होती. थोरलीने शब्द गिळला. पुढच्या महिन्यात बोलू, म्हणाली मनाशी. पुढचा महिना कसला येतोय? गिऱ्हाइकं म्हणायची, "बाळसं धरलंय हो धाकटीने!" धाकटी म्हणायची, "ताई उपाशी ठेवत नाही ना." वर्ष असंच सरत आलं.

एके सकाळी धाकटीने फळीवरून कापडाचा तागा उचलला आणि मटकन खाली बसली. पाठीत काहीतरी मोडलं होतं. तागा काही जड नव्हता हो, शाळकरी पोरीने उचलला असता!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाठीचा फोटो बघितला, रक्ताचा कागद बघितला आणि खुर्चीत मागे टेकल्या. मणका दबला होता. साखर चढली होती. "आता पूर्वीसारखं ताठ बसून शिवणं व्हायचं नाही," त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. "महिन्याने या म्हटलं होतं! वर्षभरात एकदाही कपडे घट्ट झाले नाहीत?"

"मी सैल करत होते," थोरली म्हणाली. "हिला न सांगता. माझ्यामुळे झालं हे." आणि भर दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत ती हुंदके देऊन रडली.

"उगी गं," खाटेवरून धाकटी म्हणाली. "मला ठाऊक होतं."

थोरलीने वर बघितलं.

"झगे मीच शिवलेले ना? तुझा टाका मी ओळखत नाही होय? पहिल्याच दिवशी बोट फिरलं आणि कळलं." ती थांबली, पाठीतली कळ जाईपर्यंत. "डॉक्टरीणबाईंना कळलं असतं तर गोळी कमी केली असती. परत बोटं आखडली असती, परत तू घास भरवला असतास. ते मला नको होतं ताई. तू सैल करत राहिलीस आणि मी घालत राहिले."

डॉक्टरीणबाईंनी नवी चिठ्ठी लिहायला घेतली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, की गोळी आजही एकदम थांबवायची नाही, थोडी थोडी उतरवायची. दुसरं औषध आजपासून सुरू, पण ते लागू पडायला वेळ घेतं.

त्या गेल्या. धाकटीने चादरीवर दोन्ही हात पसरले. दहाही बोटं सरळ होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"ताई, गोळी उतरली की परत आखडतील ना गं?"

थोरलीने तिचे हात आपल्या हातांत घेतले.

"आखडतील," ती म्हणाली. "मी भरवीन. तू भिंतीकडे बघू नकोस."