ज्योत्स्नाचे कोरे हात

प्राचार्यसाहेब, ज्योत्स्नाचे हात तुम्ही कोरे ठेवलेत.

कोरोनात बीदरचं नर्सिंग कॉलेज बंद झालं, पोरी आपापल्या गावी पांगल्या, आणि तुमचा फोनवर हुकूम आला: प्रात्यक्षिक घरच्या माणसावर करा, व्हिडिओ पाठवा. घरचं माणूस! तिचे आईबाप हैदराबादेत बांधकामावर अडकलेले. कमठाणा गावच्या घरात ती एकटी.

ती दारोदार हात मागत फिरली. नुसती नाडी बघायला.

"दवाखान्यातनं आलीस न्हवं? लांबूनच बोल, अक्का."

तिच्या गल्लीनं कड्या लावल्या, वरच्या गल्लीनं पायरी चढू दिली नाही. 'लांब हो' हे तिच्या आजीनंही ऐकलेलं. तेव्हा रोगाचं निमित्तही लागत नव्हतं.

तिनं स्वतःचंच मनगट धरून व्हिडिओ पाठवला. तुमचं उत्तर आलं: पेशंट दुसरा हवा.

मग बांगड्या भरणारी चांगुणाबाई आली. गावातल्या झाडून साऱ्या बायकांचे हात तिनं हाताळलेले. आता तिलाही कुणी दारात उभं करत नव्हतं.

"हात पायजे म्हणं तुला?"

"भ्या वाटत न्हाई, मावशी?"

"मला कशाचं भ्या? आता कोण यायलंय माझ्याकडं? धर."

ज्योत्स्नानं तिच्या बांगड्या वर सारल्या, बोटं टेकवली. लागेना. जरा सरकवली, आणि बोटांखाली ठोका उडाला.

"झालं, मावशी."

"ऱ्हाऊ दे की. कामून घाई करायलीस?"

व्हिडिओ संपला तरी दोघी तशाच बसून राहिल्या.

तो तुम्ही पाहिलात तरी का? काहीच न पाठवलेली तिच्या वर्गातली मंजुश्रीही पास झाली.

कॉलेज उघडलं आणि तुम्ही ज्योत्स्नाला थेट कोरोना वॉर्डात उभं केलंत. अंगात प्लॅस्टिकचा झगा, हातात दुहेरी मोजे. समोर खाटेवर म्हातारे भगवानराव, थकलेले, जवळ आपलं माणूस नाही. सलाईन लावायचं होतं. सिस्टर दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनपाशी गुंतलेली. मोज्यांतून शीर काही लागेना.

"पोरी," म्हाताऱ्यानं हात पुढं करून विचारलं, "आजवर किती जणांला सुई लावलीस?"

तिनं पुन्हा शीर चाचपली.

"बोल की. रागं भरत न्हाई म्या. इचारायलोय."

सुई तिच्या हातात, हात हवेत. चांगुणाबाईची नाडी सोडली तर या बोटांना काही ठाऊक नाही. तिला सारं येतं अशा दाखल्यावर सही तुम्ही केलीत, साहेब. या, खाटेशी उभे राहा आणि त्याला तुमच्या तोंडानं सांगा: किती?