काकांच्या डाव्या हातातला फोन

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि सध्या माझा मुक्काम टेबलाच्या खणात, संपलेल्या पेनांच्या शेजारी आहे.

कारखान्यात माझ्या पाठीत तारेचं एक बारीक वेटोळं बसवलं होतं. त्यामुळे कार्ड घासायच्या जुन्यातल्या जुन्या यंत्राजवळ मला नुसतं नेलं, तरी पैसे चुकते व्हायचे.

माझे मालक, म्हणजे काका, घड्याळं दुरुस्त करायचे. मला घेतल्यावर वर्षभरातच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात कायमचा लुळा पडला. दुकान बंद झालं. पाकिटातून कार्ड काढणंही जमेना. "जरा माझ्या खिशात हात घालता का?" असं दुसऱ्याला म्हणायची काकांना फार लाज वाटे. मग डाव्या हातात मला धरून ते एकटे बाहेर पडू लागले. अंगठा टेकवायचा, मला यंत्रापाशी न्यायचं, की झालं! औषधाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "काका, तुमचं काम आमच्यापेक्षा झटपट!" त्या दिवशी काका शीळ घालत घरी आले.

चार वर्षांनी लेकीने हौसेने नवा फोन आणला. "बाबा, हा सगळं करतो," असं म्हणून तिने माझ्यातलं सगळं पुसून टाकलं.

दुसऱ्याच संध्याकाळी काकांचा आवाज मी खणातून ऐकला.

"नव्या फोनात ती सोयच नाही गं. औषधाच्या दुकानातलं यंत्र जुनं. मागे रांग लागली. शेवटी बाईंनीच माझ्या खिशातून पाकीट काढलं."

"असू दे ना बाबा, ओळखीच्याच आहेत त्या."

काकांनी नवा फोन टेबलावर ठेवून दिला. माझ्यामुळे त्यांना कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता, हे तेव्हा कुठे लेकीच्या लक्षात आलं. तिने घाईघाईने मला चार्ज केलं, कार्ड पुन्हा जोडून पाहिलं. माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'या फोनवर ही सेवा आता नव्याने सुरू करता येणार नाही.' तिने तीनदा प्रयत्न केला. मीही जीव तोडून केला.

"मी आधी विचारायला हवं होतं," ती रडवेली होऊन म्हणाली.

"तुझी काय चूक, पोरी? मला तरी कुठे ठाऊक होतं!"

आता औषधं घरपोच येतात. काका दिवसभर खिडकीशी बसून असतात.

मित्रांनो, आपल्या माणसाला नवी वस्तू जरूर द्या. पण जुनी काढून घेण्याआधी त्याच्याजवळ घटकाभर बसा आणि तिच्या आधाराने तो काय काय करतो, ते एकदा नीट बघा.